फाटकावरील कॅमेऱ्याची कैफियत

कोकणातील ज्या घरांना वर्षातील दहा महिने कुलूप असते, अथवा कुलूप नसले तरी ज्यांत देवापुढे दिवा लावण्यापुरते एखादे वयोवृद्ध माणूसच काय ते उरलेले असते, अशा घरांच्या पडव्यांत आणि फाटकांवर गेल्या काही वर्षांत पाळतीचे कॅमेरे दिसू लागले आहेत; आणि ते बसविणारे चिरंजीव पुण्यात, मुंबईत किंवा त्याहूनही दूर परमुलखात वास्तव्यास असल्यामुळे, घर घाटाखाली आणि त्यावरील नजर घाटावर, अशी एक चमत्कारिक वाटणी होऊन बसली आहे. ही नजर अखंड राहती तर तिजविषयी लिहिण्याचे प्रयोजन पडले नसते. पण ती तुटते, आणि तुटते तीही बहुधा रात्री, पावसात किंवा वीज गेल्यावर. म्हणजे ज्या प्रसंगांसाठी ती विकत घेतलेली असते नेमक्या त्याच प्रसंगी.

रत्नागिरी तालुक्यातील अशाच एका चिरेबंदी घरावरून दोन स्नेह्यांमध्ये झालेला वाद मला ऐकावयास मिळाला. एक तात्या, जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले आणि पुण्यातील पुतण्याच्या वतीने वडिलोपार्जित घर व कलमांची बाग सांभाळणारे. दुसरे माधवराव, ज्यांनी उभी हयात शासकीय तंत्रनिकेतनात विद्युत्शास्त्र शिकविण्यात घालविली आणि जे अद्यापही कोणाच्या घरी गेले असता यजमानाच्या आधी विजेच्या मीटरची विचारपूस करतात. दोघांपैकी कोणाचाच पक्ष मला पुरता लंगडा वाटला नाही. तथापि दोघांचे बळ समसमान होते असेही मी म्हणणार नाही.

तात्यांनी आपली फिर्याद प्रथम मांडली. "फाटकावरचा कॅमेरा," ते म्हणाले, "दिवसभर गाईगुरे, पोस्टमन आणि बाजारातून परतणारा माझा स्वतःचा देह छत्री-पिशवीसह इमानेइतबारे दाखवितो. दिवेलागण झाली की अंतर्धान पावतो. पूर्वेला तांबडे फुटले की पुन्हा रुजू. चोराने दुपारी बाराला येण्याचे कबूल केले असते तर माझी हरकत नव्हती. बसविणारा येऊन कॅमेरा बदलून गेला, तर नवाही पहिल्याच संध्याकाळी जुन्याच्या पावलावर पाऊल टाकून गेला. त्याअर्थी मालच निकृष्ट, असे मी पुतण्यास कळविणार आहे."

"कळविण्यापूर्वी तुमच्याच जबानीकडे पाहा," माधवराव म्हणाले. "दोन निरनिराळे पाहुणे एकाच खोलीत, एकाच वेळी घेरी येऊन पडले, तर आपण पाहुण्यांची नाडी पाहत बसतो की खोलीत काय कोंडले आहे ते पाहतो? कॅमेरा बदलूनही दोष तसाच राहिला, याचा अर्थ कॅमेरा निर्दोष सुटला. राहता राहिली ती त्याची जागा, त्याची तार आणि त्याची वेळ. आणि या तिन्हींत वेळ सर्वांत बोलकी. लोक कॅमेऱ्याने काय दाखविले ते पाहत बसतात, मी त्याने केव्हा दाखविले नाही ते आधी पाहतो. रोज सूर्यास्तास जाणारा, पावसाच्या सरीबरोबर जाणारा आणि कोणत्याही वेळी काही क्षण जाऊन आपोआप परतणारा, हे तीन कॅमेरे एकाच दुखण्याने आजारी नसतात."

"आणि पुण्याहून रात्री अकराला दूरध्वनी येतो की सगळेच बंद, आणि मी उठून पाहतो तो इथल्या पडद्यावर सहाच्या सहा चित्रे जागच्या जागी, ते कोणत्या दुखण्यात मोडते?"

"ते दुखणेच नव्हे. 'बंद' या एका शब्दाखाली तुम्ही तीन वेगळ्या तक्रारी दाखल करून घेतल्या आहेत, तात्या. कॅमेरा स्वतः निजला, ही एक. कॅमेरा जागा आहे पण त्याचे चित्र या पेटीपर्यंत, म्हणजे डीव्हीआरपर्यंत, पोहोचत नाही, ही दुसरी. आणि चित्र पेटीत येऊन तबकडीवर नोंदले जात आहे, केवळ इंटरनेटच्या वाटेने पुण्याच्या मोबाइलवर चढत नाही, ही तिसरी. तिसरीत चिरंजीवांची झोप जाते, पण नोंद शाबूत असते. म्हणून फोन आला की प्रथम घरच्या पडद्याकडे पाहावे. तिथे चित्र असेल तर कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. राउटर, तारेची जोडणी आणि इथून वर चित्र पाठविण्याचा वेग यांची चौकशी करायची. आपल्याकडच्या पुष्कळ जोडण्यांत खाली उतरणारा वेग भरपूर असतो आणि वर चढणारा तुटपुंजा, आणि सहा कॅमेऱ्यांची चित्रे एकदम वर चढू लागली की तो तिथेच संपतो."

येथे तात्यांनी एक प्रश्न विचारला, जो मला त्या साऱ्या वादाचे बीज वाटला. "म्हणजे रात्री अकराला उठून पडद्याकडे पाहण्याची नोकरी माझी. कॅमेऱ्याने घराची राखण करायची, आणि कॅमेऱ्याची राखण मी?"

माधवरावांनी त्याचे उत्तर त्या वेळी दिले नाही. त्यांनी शिडी मागितली.

फाटक घरापासून सुमारे साठ मीटरवर आहे. जांभ्या दगडाच्या गडग्याच्या कडेकडेने एक काळी केबल तेथवर गेलेली आहे. बसविणारे तिला 'थ्री प्लस वन' म्हणतात, कारण एकाच आवरणात चित्र वाहणारी जाड तार आणि तिच्या जोडीला बारीक तीन तारा असतात, व त्या बारीक तारांमधून घरातील सप्लायचे 12 व्होल्ट फाटकापर्यंत नेलेले असतात. माधवरावांनी कॅमेऱ्याची पिन सोडवून मीटर लावला. आकडा आला 12.

"पाहा," तात्या म्हणाले, "बसविणाऱ्यानेही हेच दाखविले होते. सप्लाय ठीक, तार ठीक, म्हणून कॅमेरा बदलला."

"आणि याच जागी तो चकला. पिन सोडविली म्हणजे तारेतून प्रवाहच वाहत नाही. प्रवाह नाही तेथे घट नाही. रिकाम्या तारेवर मीटर नेहमी बाराच दाखविणार, मग ती तार कितीही दरिद्री असो. मोजायचे ते काम चालू असताना."

त्यांनी पिन पुन्हा जोडली आणि मीटरची टोके जोडावरच टेकविली. आकडा पावणेअकराच्या आसपास स्थिरावला. मग भर दुपारच्या उन्हात त्यांनी आपला तळवा कॅमेऱ्याच्या काचेवर सपाट दाबून धरला. आत बारीकसा 'टक्' असा आवाज झाला. दिवसा अवरक्त किरण अडविणारी जी इवलीशी काच भिंगामागे असते ती बाजूला सरली, रात्रीचे अदृश्य दिवे लागले, आणि मीटरचा आकडा नवाच्याही खाली घसरला. क्षणभरात तो उसळून बारावर गेला, मग काही क्षण पावणेअकरा, पुन्हा 'टक्', पुन्हा नवाखाली. पडवीत पडद्यासमोर बसविलेल्या गड्याने तिथूनच हाळी दिली की चित्र गेले, आले, परत गेले.

"दिवसाढवळ्या रात्र केलीत की!" तात्यांच्या स्वरात नाइलाजाचे कौतुक होते.

माधवरावांनी शिडीवरूनच हिशेब सांगितला, आणि तो इतका सरळ आहे की तो येथे उतरवून घेण्याचा मोह मला आवरत नाही. असा कॅमेरा दिवसा साधारण 0.2 अँपिअर प्रवाह घेतो. अंधार पडल्यावर त्याच्या कपाळावरचे अवरक्त दिवे लागले की तोच आकडा 0.5 पर्यंत जातो. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या शुद्ध तांब्याच्या तारेने साठ मीटर जाऊन तेवढेच परत यायचे म्हटले, तर एकंदर अवरोध सुमारे 4 ओहम भरतो. म्हणजे दिवसा 0.8 व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि रात्री 2. बारातून दोन गेले, दहा उरले. आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरील दाखला तर दहा टक्क्यांहून अधिक तूट खपवून घेत नाही, म्हणजे 10.8 च्या खाली त्याच्या इमानाची शाश्वती नाही. मग व्होल्टेज पुरेनासे होऊन तो निजतो. निजला की प्रवाह थांबतो, प्रवाह थांबला की व्होल्टेज पूर्ववत होते, व्होल्टेज आले की तो जागा होतो, जागा झाला की अंधार पाहून दिवे लावतो, आणि दिवे लावले की पुन्हा निजतो. हे चक्र पहाटेपर्यंत चालते.

"पण तुमच्या हिशेबाने दहा राहायला हवेत," तात्यांनी हटकले, "आणि इथे तर नऊही राहत नाहीत." निवृत्तीनंतरही शिरस्तेदाराची नजर आकड्यांवरून हलत नाही.

माधवरावांनी खिशातून चाकू काढला आणि बारीक तारेचे टोक खरवडले. वरची तांबडी साल पापुद्र्यासारखी निघाली आणि आतून पांढरा गाभा चमकला. तार तांब्याची नव्हतीच. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा होता. अशा तारेचा अवरोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, म्हणजे चाराचे साडेसहा ओहम होतात, आणि मीटरने जे दाखविले ते बरोबर जुळते. बाजारात ही केबल स्वस्त मिळते, ती गुंडाळीवर तांब्यासारखीच दिसते, आणि दहा-पंधरा मीटरच्या अंतरात तिचे बिंग फुटतही नाही. म्हणूनच पडवीतले कॅमेरे सुखरूप होते व फाटकावरचा आजारी. कॅमेऱ्याची कंपनी, तिचा देश आणि तिची किंमत यांवर लोक घटका घटका ऊहापोह करतात. केबल मात्र बसविणाऱ्यावर सोडून देतात, ही मला या व्यवहारातील सर्वांत महागडी काटकसर वाटते.

उपाय माधवरावांच्या मते एकाहून अधिक होते. फाटकावरच्या दिव्यासाठी 230 व्होल्टची वायर आधीच गेलेली होती. तिच्यावरून तेथेच ॲडॉप्टर बसविता आला असता, पण ती वायर इन्व्हर्टरवर नाही आणि तिचे बटण ओटीवर असल्यामुळे दिवा मालविणाऱ्याने कॅमेराही मालविला असता, असे तात्यांनी स्वतःच निदर्शनास आणले. कॅमेरे नव्या पद्धतीचे घेतले तर नेटवर्कच्या केबलमधूनच वीज पाठविता येते. त्या पद्धतीच्या 2003 साली ठरलेल्या मानकात दाब 48 व्होल्टच्या आसपास असतो, पाठविणाऱ्या टोकाला 15.4 वॅट सोडले तर कॅमेऱ्याला 12.95 वॅट मिळण्याची हमी असते आणि मजल शंभर मीटरपर्यंत चालते. दाब चौपट म्हणजे प्रवाह चौथाई, आणि वाटेतील नासाडी सोळावा हिस्सा. परंतु त्यापायी सगळेच कॅमेरे व पेटी बदलावी लागेल. सबब, दीड चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची स्वतंत्र जोडी नळीतून फाटकापर्यंत ओढावी, अवरोध 1.4 ओहम, रात्रीची घट 0.7 व्होल्ट, आणि कॅमेऱ्याच्या हाती 11.3. हा त्यांचा हुकूम.

चहा होईपर्यंत तात्या गप्प होते. त्यानंतर त्यांनी जो पक्ष मांडला त्यात तारेचा उल्लेख नव्हता.

"तुमचे शास्त्र मला मान्य आहे," ते म्हणाले. "पण तुम्ही दोष शोधता तो तारेत, मला तो तजविजीतच दिसतो. रात्रीच्या नोंदीवर पुतण्या विसंबून होता, आणि दिवेलागणीनंतर नोंदच नव्हती. कॅमेरा नसता तर त्याने रात्रीचा राखणदार ठेवला असता, कुत्रा पाळला असता, निदान शेजारी सांगून ठेवले असते. न्यायालयात जो साक्षीदार प्रसंगी हजर नव्हता त्याची साक्ष कोणी नोंदवीत नाही. इथे मात्र गैरहजर साक्षीदाराच्या भरवशावर घर उघडे टाकले जाते. बरे, हजर राहिला तरी त्याची साक्ष सरळ उभी राहते असेही नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे; त्याच्या 63 व्या कलमान्वये असल्या चित्रणाबरोबर दाखला जोडावा लागतो, त्याचा एक भाग पक्षकाराने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. जुन्या कायद्यातही दाखला होताच; जालना मतदारसंघाच्या निवडणूक खटल्यात तर वादच या मुद्द्यावर आला होता की निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील चित्रणात उमेदवारी अर्ज मुदतीनंतर आल्याचे दिसते की काय, आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने निक्षून सांगितले की मूळ साधन हजर नसेल तर दाखल्यावाचून चालणार नाही. आता आपल्या पेटीकडे पाहा. तिच्यावरची तारीख काय आहे?"

माधवरावांनी पाहिले. पेटीच्या घड्याळाला गेल्या कित्येक वर्षांचा पत्ता नव्हता. आतील बटणाएवढा सेल संपलेला, आणि वीज जाऊन आली की घड्याळ आपल्या जन्मकाळाकडे परत जाई. तेव्हा चोर सापडला असता तरी तो फार पूर्वीच, म्हणजे कॅमेरे बसण्याच्याही आधी, येऊन गेल्याचे निष्पन्न झाले असते. माधवरावांनी तो सेल बदलण्याचे आणि घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळत राहील अशी तजवीज करण्याचे टिपून घेतले, आणि मग जरा तीव्रपणेच उत्तर दिले.

"तात्या, साक्षीदार मध्येच डुलक्या घेतो म्हणून साक्षीची पद्धतच मोडीत काढायची, हे तुमच्या खात्यालाच परवडणारे नाही. 2 डिसेंबर 2020 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला, तेव्हा तो रात्रीही पाहणारा असावा असे लिहिले, आणि जिथे वीज वा इंटरनेट नाही तिथे सौर किंवा पवन ऊर्जेचा आधार घेऊन का होईना ती पुरविण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. खंड पडतो म्हणून कॅमेरा नको असे न्यायालय म्हणाले नाही. खंड पडू नये याची व्यवस्था करा असे म्हणाले. आणि घरगुती कॅमेऱ्याची उत्पत्तीच पाहायची तर न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेकडे पाहा. पोलिसांना हाक मारावी तर ते वेळेवर येत नसत, आणि कामाच्या वेळा अशा की कित्येकदा ती रात्री घरी एकटी. म्हणून तिने दाराच्या भोकांवर खालीवर सरकणारा कॅमेरा, आत पडदा आणि बिछान्यावरून दार उघडण्याची व धोक्याची सूचना देण्याची सोय, असे यंत्र नवऱ्याच्या मदतीने रचले, 1966 साली अर्ज केला आणि 1969 साली पेटंट मिळविले. एकटेपणातून निघालेली ती युक्ती आहे. तुम्हीही इथे एकटेच आहात."

या युक्तिवादाने माधवरावांनी बाजी मारली असे मला वाटले होते. पण तात्या हसले.

"माझाच पुरावा तुम्ही माझ्याविरुद्ध हजर केलात. ती बाई घरात होती, माधवराव. पडद्यासमोर तीच, दाराची कळ तिच्याच हाती. कॅमेरा मिटला असता तर तिला त्याच क्षणी कळले असते आणि तिने कडी लावली असती. इथे डोळा फाटकावर, पडदा पुण्यात, आणि हातपाय माझे. कॅमेरा चालला तर श्रेय पुतण्याला. मिटला तर विजेरी घेऊन फाटकापर्यंत मी. दूर बसलेल्याने पाहण्याचे यंत्र असते हे मला ठाऊक नाही असे समजू नका."

"असतेच. 1942 साली जर्मनीत पीनम्युंडे येथे अग्निबाण उडविताना वाल्टर ब्रुख याने जो कॅमेरा बसविला तो याचसाठी, की तिथे माणसाने जवळ उभे राहणे शक्यच नव्हते."

"तिथे कोणी राहत नव्हते. इथे मी राहतो."

येथे वाद थांबला नाही, पण त्याची दिशा बदलली. आणि माझ्या मते माधवराव आपल्या विषयात अधिक पारंगत असूनही या एका ठिकाणी तात्यांपुढे निरुत्तर झाले, हे त्यांच्या पुढच्या बोलण्यावरूनच दिसले. कारण तोवर ते सहाही कॅमेरे कसे चालतील याचा विचार करीत होते, आणि आता प्रथमच त्यांनी कोणते हवेत असे विचारले.

बागेच्या टोकाचा पाचवा कॅमेरा बिनतारी होता. तो हापूसच्या हंगामात, म्हणजे ज्या दिवसांत खरोखर राखणीची गरज असते त्या चैत्र-वैशाखात, बरा चालत असे, आणि मृग लागताच अधूनमधून जाऊ लागे. त्याचा खुलासा माधवरावांनी चालता चालता केला. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात; कोरड्या पानांतून त्या कशाबशा पार होतात, भिजलेल्या गर्द कलमांतून होत नाहीत, आणि त्याआधी त्यांना हातभर जाड जांभ्याची भिंत ओलांडावी लागते ती वेगळीच. पुण्याच्या सदनिकेत हाच कॅमेरा बंद पडला असता तर कारण निराळे निघाले असते. तिथे एका जिन्यात वीस-वीस राउटर एकमेकांवर ओरडत असतात, आणि 1, 6 व 11 हे तीन मार्ग सोडले तर बाकीचे एकमेकांच्या अंगावर चढतात, तेव्हा मोकळा मार्ग पाहून राउटरला तिथे खिळवून ठेवणे, कॅमेऱ्याला कायमचा एक पत्ता नेमून देणे, असले उपाय करावे लागतात. इथे आसपास दुसरा राउटरच नाही. अँटेना उंचावर नेली तर पावसाळ्यातही तग धरील, असे ते म्हणाले.

"पण पावसाळ्यात बागेत चोरण्यासारखे असते काय?" तात्यांनी विचारले.

याचे उत्तर विद्युत्शास्त्रात नव्हते. पाचवा कॅमेरा ज्येष्ठात उतरवून फाल्गुनात चढवावा असे ठरले. ही कल्पना तात्यांची. आणि मला वाटते, कोणत्याही माहितीपुस्तिकेत ती सापडणार नाही.

सहावा विहिरीवर होता, आणि विहिरीपलीकडे शेजाऱ्यांचे मागील अंगण. त्याचे दुखणे साधे होते. बाहेरच्या भिंतीवर चित्राची बीएनसी जोडणी आणि विजेची पिन काळ्या चिकटपट्टीत गुंडाळून नुसती लोंबत सोडलेली. पट्टी पाणी अडवीत नाही, एकदा आत गेलेले पाणी मात्र बाहेर जाऊ देत नाही. माधवरावांनी ती उकलली तेव्हा मधल्या सुईवर हिरवे जंगाल चढलेले होते आणि पट्टीच्या घडीत पालीची अंडी होती. केबल वरून सरळ या जोडात उतरविली होती, त्यामुळे पागोळीचे पाणी तिच्याच अंगावरून ओघळत आत जाई; तिला जोडाच्या खाली एक झोळ देऊन मग वर वळविली असती तर पाणी झोळाच्या तळाशी येऊन गळून गेले असते. बंद झाकणाची पेटी, खालून प्रवेश आणि तो झोळ, एवढ्यानेच कोकणातले निम्मे कॅमेरे वाचतील, असे माधवराव पोटतिडकीने म्हणाले, आणि मीही ते येथे मुद्दाम नमूद करून ठेवतो.

"दुरुस्त करू नका," तात्या म्हणाले. "पलीकडच्या वहिनी सकाळी तिथेच धुणे धुतात, मुली केस वाळवितात. त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण हल्ली त्या अंगणात पूर्वीसारख्या बसत नाहीत हे मी पाहतो. 2017 साली नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तो निकाल शासनाला उद्देशून होता हे मला कळते; पण माणसाने शासनाहून वाईट वागावे असा काही त्याचा अर्थ होत नाही."

"तोंड फिरविता येईल. विहिरीचा काठच तेवढा दिसेल असे."

"विहिरीचा काठ चोरीस जात नाही."

माधवराव या एका मुद्द्यावर बराच वेळ अडून राहिले. न दिसणाऱ्या कोनातून कोणीही आत शिरू शकतो, चार बाजूंच्या बंदोबस्तात एक बाजू मोकळी ठेवणे म्हणजे बंदोबस्तच न ठेवणे, असे त्यांचे म्हणणे. तर ज्या बाजूस माणसे राहतात ती बाजू मोकळी नसते, असे तात्यांचे. शेवटी तात्यांनी घरधन्याच्या वतीने आपला अधिकार वापरला आणि सहावा कॅमेरा नामंजूर झाला. माधवरावांनी तो उतरविला खरा, पण स्वतःच्या टिपणात "तांत्रिक कारणाशिवाय" असा शेरा मारून.

उरलेल्या चारांपैकी पडवीतल्या दोहोंत काही क्षण जाऊन परतण्याची जी खोड होती ती विजेच्या जाण्या-येण्याशी जुळत होती. इन्व्हर्टर वीज गेल्यावर भार उचलण्यास जेवढा अवकाश घेतो तेवढ्यात ते दोन्ही कॅमेरे कोसळून पुन्हा उभे राहत असत. त्याच्या पाठीमागे एक कळ असते, ती यूपीएसच्या बाजूस सारली की हा अवकाश पुष्कळ कमी होतो. कळ सारली. ओटीवरच्या कॅमेऱ्याचे रात्रीचे चित्र पांढरेफटक होई, त्याचे कारण भिंगासमोर कोळ्याने विणलेले जाळे होते. अवरक्त दिव्यांचा उजेड त्या धाग्यांवरून परत येऊन डोळा दिपवी, आणि वाऱ्याने जाळे हलले की पुण्याच्या मोबाइलवर 'हालचाल आढळली' असा इशारा जाई. रात्री-अपरात्री येणाऱ्या दूरध्वनींपैकी कित्येकांचा फिर्यादी हा कोळी होता. त्यास केरसुणी पुरते, आणि ती दर पंधरवड्यास लागते.

"तीही नोकरी माझीच," तात्या म्हणाले.

"होय," माधवराव प्रथमच निःसंकोच म्हणाले. "राखणीतून माणूस वजा होतो असे मी कधी म्हटले नव्हते, विकणारा म्हणाला असेल. पण रात्रभर जागण्याऐवजी पंधरा दिवसांतून एकदा केरसुणी फिरविणे, हा सौदा तुम्हाला अगदीच तोट्याचा वाटतो?"

तात्यांनी त्यावर हो किंवा नाही म्हटले नाही. त्यांनी चष्मा पुसला, कोरा कागद घेतला आणि पुतण्याला पत्र लिहावयास बसले. आणि जुन्या सवयीने त्यास कलमे घातली. पहिल्या कलमात तांब्याच्या तारेचा, नळीचा व पेट्यांचा खर्च. दुसऱ्यात सहावा कॅमेरा कायमचा व पाचवा हंगामी बंद केल्याची वर्दी, कारणांसह. तिसरे माधवरावांनी सांगितले: भिंतीवर एक वही टांगावी, आणि जो कॅमेरा जाईल त्याचा क्रमांक, तारीख, वेळ, पाऊस होता की नाही व वीज होती की नाही, एवढे पाच रकाने तिच्यात भरावेत, म्हणजे पुढच्या खेपेस कोणी आल्या आल्या कॅमेराच बदलून जाणार नाही. चौथ्या कलमाशी तात्यांची लेखणी थबकली, आणि मग त्यांनी लिहिले की रात्री दहानंतर आलेल्या दूरध्वनीवरून फाटकापर्यंत जाण्याची जबाबदारी यापुढे आपण घेणार नाही. अशी गरज वाटल्यास पलीकडच्या वहिनींच्या थोरल्या मुलास सांगावे, आणि तो जाईल की नाही हे आधी स्वतः येऊन त्यास विचारावे.

"शेवटचे वाक्य गाळा," माधवराव म्हणाले. "कामापुरते लिहा."

"कामाचे तेवढेच वाक्य आहे," तात्या म्हणाले, आणि त्याखाली सही करून त्यांनी कागदाची घडी घातली.